तिसरीच्या मुलांना आपले साहित्य नीट ठेवायला कसे शिकवावे?

प्रश्न : तिसरीच्या बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इयत्ता तिसरीला शिकवते. वर्गात ३१ मुले आहेत. रोज पहिल्या तासिकेची दहा-बारा मिनिटे "बाई, माझी पेन्सिल हरवली", "बाई, यानं माझं खोडरबर घेतलं" या तक्रारी मिटवण्यात जातात, गणिताच्या वहीत मराठीचे शुद्धलेखन सापडते, आणि पोषण आहारासाठी घरून आणलेली ताटली धुऊन ओलीच दप्तरात कोंबल्यामुळे वह्यांच्या कडा फुगलेल्या असतात. रागावून पाहिले, पालकसभेत सांगून पाहिले, नीटनेटक्या दप्तराला वर्गाकडून टाळ्याही देववल्या. फरक दोन-तीन दिवसच टिकतो. बहुतेक पालक सकाळीच शेतावर जातात, त्यामुळे घरी कोणी दप्तर भरून देईल अशी अपेक्षा मी ठेवत नाही. शाळेच्या वेळेतच करता येण्याजोगे काही असल्यास कृपया सुचवावे.

उत्तर १ : निवृत्त गुरुजी

बाई, टाळ्या बंद करा. ज्याचे दप्तर घरी आई किंवा ताई आवरते त्यालाच त्या मिळतात, आणि हे मुलांना आपल्या आधी कळते.

माझ्या अनुभवात उपयोगी पडली ती एकच गोष्ट : शाळा सुटण्यापूर्वीची पाच मिनिटे रोज, न चुकता, दप्तर भरण्यासाठी राखून ठेवणे. घंटा झाल्यावर मुलांचे हात घराच्या ओढीने चालतात आणि हाताला येईल ते दप्तरात जाते. म्हणून घंटेआधीच फळ्यावर उद्याच्या विषयांची नावे लिहावीत, मुलांनी तेवढ्याच वह्या बाहेर काढून दाखवाव्यात आणि मग ओळीने आत ठेवाव्यात. सुरुवातीच्या पंधरवड्यात याला पाचाऐवजी पंधरा मिनिटे लागतात, आणि नेमके तेव्हाच शिक्षक कंटाळून हा उपक्रम सोडून देतात.

पेन्सिलीच्या भांडणावर जुना उपाय आहे. पेन्सिलीच्या मागच्या टोकाकडचा रंग पात्याने बोटाच्या पेराएवढा तासून काढावा आणि उघड्या लाकडावर बॉलपेनने मुलाचे नाव लिहावे. चिकटवलेली चिठ्ठी आठवड्यात निघून जाते, हे नाव पेन्सिलीचे थोटूक होईपर्यंत राहते. तासण्याचे काम अर्थातच आपण स्वतः करावे.

उत्तर २ : दुसरीतील मुलाची आई, पुणे

मी शिक्षिका नाही, तरी एक भर घालते. माझ्या मुलाला वेळापत्रक वाचून वह्या निवडणे जमत नव्हते, म्हणून आम्ही प्रत्येक विषयाला एक रंग ठरवला आणि खाकी कव्हरच्या पाठकण्यावर त्या रंगाची पट्टी चिकटवली. पुस्तकाला आणि वहीला एकच रंग, वेळापत्रकावरही तोच. आता दप्तर तोच भरतो. कधी चुकतो, आणि चुकला तर मी वही घेऊन शाळेत धावत जात नाही. हा भाग मला सर्वांत कठीण गेला.

उत्तर ३ : केंद्रशाळेतील शिक्षक

गुरुजींशी मी सहमत आहे, परंतु मुळात दप्तरात वस्तू किती आहेत हे आधी पाहावे असे सुचवतो. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार तिसरी ते पाचवीच्या दप्तराचे वजन १.७ ते २.५ किलो, म्हणजे साधारण मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत, असावे. आपल्याकडे २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून त्यांतच वहीची कोरी पाने जोडली गेली, तेव्हा ओझे कमी होईल असे वाटले होते. प्रत्यक्षात मुले वेगळ्या वह्याही आणत राहिली आणि २०२५ च्या जानेवारीत तो निर्णय मागे घेतला गेला. वस्तू वाढल्या की कोणतीही शिस्त टिकत नाही. बटण दाबले की कप्पा उघडणाऱ्या कंपासपेट्या तर खेळणीच असतात. तिसरीला दोन पेन्सिली, खोडरबर, टोकयंत्र आणि पट्टी एवढे पुरते.

ताटल्यांसाठी मात्र दप्तराबाहेरच सोय हवी. आमच्याकडे व्हरांड्यात जुन्या फळ्यांची मांडणी आहे. ताटल्या तिथेच पालथ्या घालून वाळतात आणि घरी जातच नाहीत.

तिसरीच्या बाई

सर्वांचे मनापासून आभार. टाळ्यांबद्दल गुरुजींनी लिहिलेले वाचून वाईट वाटले, कारण ते खरे आहे. टाळ्या मिळवणारी तीच चार मुले होती. काल पोषण आहाराच्या तांदळासाठी असलेल्या काट्यावर सर्वांची दप्तरे मुलांदेखतच तोलली. सर्वांत जड दप्तर चार किलोंच्या वर भरले आणि त्यात गेल्या वर्षीच्या तीन वह्या, मूठभर चिंचोके आणि वर्गात हरवल्या म्हणून नोंदलेल्या पाच पेन्सिली निघाल्या. पेन्सिली ज्यांच्या त्यांना दिल्या, वह्या कपाटात ठेवल्या; चिंचोके गणिताच्या तासाला मोजणीसाठी मागून घेतले आहेत. शेवटची पाच मिनिटे सोमवारपासून सुरू करते आहे.