डोळ्यातील संसर्ग आणि ‘वाढ आढळली नाही’ हा रिपोर्ट

निफाडकर:
द्राक्षबागेत मांडवाची तार ताणताना ती सुटून वडिलांच्या उजव्या डोळ्यात घुसली. जखम शिवल्यानंतर पाचव्या दिवशी डोळ्यात पू दिसला. नाशिकच्या डॉक्टरांनी सुईने आतला द्रव काढून तपासणीस पाठवला आणि लगेच डोळ्यात व्हॅन्कोमायसिन व सेफ्टाझिडिमची इंजेक्शने दिली. ४८ तासांच्या रिपोर्टवर ‘वाढ आढळली नाही’ असे आहे. म्हणजे संसर्ग नव्हताच, असे धरावे का? आणि बाहेरून स्वॅब घेऊन भागले नसते का?

पंचवटी_मायक्रोबायोलॉजी:
तसे मुळीच धरू नये. स्वॅबमधून फक्त बाहेरचे जंतू कळतात, आणि ते निरोगी डोळ्यावरही असतातच. आतला जेलीसारखा द्रव, म्हणजे व्हिट्रियस, जेमतेम ०.२ मिली, चार थेंब मिळतो. त्यातूनच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या काचपट्ट्या, म्हणजे जीवाणूंसाठी ग्रॅम स्टेनची व बुरशीसाठी पोटॅशची, करायच्या आणि उरलेला ब्लड अगर, चॉकलेट अगर, बुरशीसाठीचे सबुरो अगर व थायोग्लायकोलेट ब्रॉथ या जंतू वाढवायच्या माध्यमांत टाकायचा असतो, त्यामुळे एक थेंब वाया गेला तरी जीव हळहळतो. बॅसिलस हा जीवाणू एका रात्रीत उगवतो, पण बुरशीला आठवडाभरही लागू शकतो आणि काही सावकाश वाढणाऱ्या जंतूंसाठी प्लेटा १४ दिवस ठेवाव्या लागतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गावर अमेरिकेत झालेल्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातही ४२० पैकी सुमारे ६९ टक्के रुग्णांतच जंतूंची खात्रीशीर वाढ मिळाली होती. रिपोर्टवर पट्ट्यांचा निकाल काय आहे?

ओटी_सहायक:
सॅम्पल किती वेळात पोचले, हेही विचारा. आमच्याकडे तालुक्याहून आलेली एक सिरिंज दुसऱ्या दिवशी उघडली, तेव्हा द्रव सुईतच सुकलेला होता. सॅम्पल उरले असल्यास पीसीआर करता येतो. त्यात मेलेल्या जंतूंचाही डीएनए सापडतो, मात्र कोणते औषध लागू पडेल हे त्यातून सहसा कळत नाही.

निफाडकर:
आम्ही पहिलेच पान वाचले होते. दुसऱ्या पानावर ‘पोटॅश पट्टी: पडदे असलेले, फांद्या फुटलेले बुरशीचे तंतू’ असे लिहिले आहे.

पंचवटी_मायक्रोबायोलॉजी:
मग कल्चरची, म्हणजे प्लेटांवर वाढ दिसण्याची, वाट न पाहता आत्ताच डॉक्टरांना फोन करून ही ओळ वाचून दाखवा. दिलेली दोन्ही इंजेक्शने जीवाणूंवरची आहेत. बुरशीवर त्यांचा उपयोग नाही. सबुरोच्या प्लेटा इतक्यात फेकून देऊ नयेत, असे लॅबलाही कळवा.

निफाडकर:
फोन केला. डॉक्टरांनी रात्रीच बोलावले आहे. आम्ही निफाडहून निघालो आहोत.