सायकसला बिया धरतात, पण रुजत नाहीत: दोष परागीभवनाचा की पेरणीचा?

प्रश्न : आगरकर (कुडाळ)

नमस्कार. आमच्या घरामागच्या आगरात आजोबांनी लावलेले सायकसचे मादी झाड आहे. रोपवाटिकांत सर्रास मिळणारा बुटका जपानी सायकस रिव्होल्यूटा तो हा नव्हे. याचे खोड दीड पुरुष उंच असून पाने लांब आणि मऊ आहेत. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचितांच्या मते ही सायकस सर्सिनॅलिस, म्हणजे पश्चिम घाटातील मूळची आणि जागतिक लाल यादीत संकटग्रस्त ठरलेली जाती असावी. दोन-तीन वर्षांआड शेंड्यावर केसाळ, पिंगट पानांचा गड्डा येतो आणि त्या पानांच्या कडेने मोठ्या बिया धरतात. गेल्या हंगामातील सुमारे चाळीस बिया पाण्यात टाकून, त्यांतील बुडालेल्याच मी पेरल्या, परंतु आठ महिने होऊनही एकही रुजलेली नाही. या जातीचा नर आमच्या पंचक्रोशीत नाही. रस्त्यापलीकडच्या बंगल्यात रिव्होल्यूटाचा नर मात्र आहे. बी धरते त्याअर्थी परागीभवन होत असावे, असे मी समजत होतो. हा समज चुकीचा आहे का?

उत्तर : सोंडकिडा

समज चुकीचा आहे, पण तसा समज होणे अगदी स्वाभाविक आहे. आंब्या-फणसाच्या बाबतीत फळ धरले म्हणजे फलन झाले असे आपण मानतो. सायकस हे फुलझाड नाही आणि त्याच्या बियांना हा नियम लागू पडत नाही. अनेक सायकॅड (सायकस आणि त्याच्यासारख्या) वनस्पतींमध्ये परागकण न मिळालेली बीजांडेही फुगतात, त्यांवर कठीण कवच चढते, आत पांढरा पिठूळ गरही भरतो. नसतो तो फक्त भ्रूण. असे बी वजनदार असते, पाण्यात बुडते आणि कुंडीत शेवटी कुजते.

वाऱ्यावरही फारसा भरवसा ठेवू नये. जपानच्या योनागुनी बेटावर रिव्होल्यूटाचा अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाला. नरापासून साधारण दोन मीटरच्या आत असलेल्या माद्यांनाच वाऱ्याने पराग मिळत होते, त्यापलीकडचे काम लहान भुंगेरे करत होते. अनेक जातींत नर शंकू, म्हणजे नर झाडाच्या शेंड्यावर येणारा पराग धरणारा कणसासारखा भाग, परागाच्या काळात चक्क तापतो आणि उग्र वास सोडतो. कीटक तेथे पराग खातात, अंडी घालतात आणि अंगाला पराग माखून वासाच्या ओढीने मादीकडे जातात. तेथे त्यांना खायला जवळजवळ काहीच मिळत नाही, म्हणजे एका अर्थी ही फसवणूकच आहे. रानात झाडे विरळ झाली आणि नर-मादी एकाच वेळी बहरले नाहीत, तर ही साखळी तुटते. तुमच्या आगरात ती कधी जुळलेलीच नाही.

उपाय हाताने परागीभवन करणे हाच. नर शंकू पराग सोडू लागला की त्याखाली कागद धरून हलकेच टिचक्या माराव्यात. पराग चाळून, सिलिका जेलसोबत कोरडे करून, घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रीझरमध्ये ठेवावेत. मादीच्या गड्ड्यातील घट्ट मिटलेली पाने सैल होऊन बीजांडे दिसू लागली, त्यांच्या टोकांशी चिकट थेंब दिसला, की कोरड्या मऊ कुंचल्याने पराग लावावेत. सगळी बीजांडे एकाच दिवशी तयार होत नसल्यामुळे दिवसाआड तीन-चार वेळा हे करावे. हाच थेंब सुकताना परागकण आत ओढून घेतो.

उत्तर : रोपवाटिका

परागीभवनाबद्दल वर नेमके लिहिले आहे, परंतु आठ महिन्यांत निराश होणे मला घाईचे वाटते. सायकसमध्ये पराग पोहोचणे आणि फलन होणे यांत काही महिन्यांचे अंतर असते. परागनलिका आधी बीजांडाच्या ऊतीत शिरून पोषण घेते आणि फार उशिरा त्यातून पोहणारे शुक्राणू बाहेर पडतात. सायकसमधील हे शुक्राणू जपानी शास्त्रज्ञ सेइइचिरो इकेनो यांनी 1896 मध्ये प्रथम पाहिले. बी झाडावरून पडते तेव्हा भ्रूण बहुधा अर्धवटच वाढलेला असतो, त्यामुळे ताजे बी चिरून भ्रूण दिसला नाही म्हणजे ते पोकळ, असे ठरवू नये. तीन-चार महिने किंचित ओलसर वाळूत ठेवून मग नमुन्यादाखल दोन-तीन बिया चिराव्यात.

बाहेरचा मांसल गर पूर्ण काढणे आवश्यक आहे, कारण तो रुजण्यास अडथळा करतो आणि बुरशीलाही आमंत्रण देतो. गर काढताना हातमोजे घालावेत. बी विषारी असते आणि कुत्र्याने चघळल्यास यकृत निकामी होऊन ते दगावू शकते. बी उन्हात वाळवून डब्यात भरू नये. वाळले की मेले. जाड वाळू आणि कोकोपीट यांच्या मिश्रणात ते आडवे, निम्मे उघडे ठेवावे. पाणी बेताचे द्यावे. आधी मूळ फुटते आणि पहिले पान त्यानंतर कित्येक महिन्यांनी येते. मातृवृक्षाखालची मूठभर माती कुंडीत मिसळली, तर पोवळ्यासारख्या मुळांत राहणारी, नत्र स्थिर करणारी नीलहरित शेवाळेही सोबत येण्याची शक्यता असते.

आगरकर (कुडाळ)

दोघांचेही आभार. उरलेल्या बिया चिरून पाहतो. पुढच्या बहराला रस्त्यापलीकडच्या रिव्होल्यूटाचे पराग वापरले तर?

उत्तर : घाटवाट

रोपे मिळाली तरी ती संकरित असतील. हौस म्हणून ठीक, पण जातीच्या संवर्धनासाठी त्यांचा उपयोग नाही, आणि पुढे तीच रोपे ‘सर्सिनॅलिस’ म्हणून इकडे-तिकडे वाटली गेली तर नुकसानच आहे. दक्षिण आफ्रिकेतील एन्सेफॅलार्टोस वुडाय हे झाड आठवा: 1895 मध्ये ओन्गोये जंगलात एकच नर सापडला, मादी आजवर मिळालेली नाही. जगभरच्या बागांतील सगळी झाडे त्या नराची पिल्लेच, म्हणजे बियांवाचून त्याच्या फुटव्यांपासून वाढवलेली आहेत. तेथे दुसऱ्या जातीशी संकर करण्यावाचून बियांचा मार्ग नाही. तुमच्या झाडावर ती वेळ आलेली नाही; सर्सिनॅलिसचे नर केरळ-कर्नाटकात अजून आहेत.

त्याआधी ओळख मात्र पक्की करून घ्या. बागांमधून सायकस रम्फाय या जातीला वर्षानुवर्षे सर्सिनॅलिस म्हटले गेले आहे. रम्फायच्या बियांत स्पंजासारखा थर असल्यामुळे चांगली बीसुद्धा तरंगते, सर्सिनॅलिसमध्ये तो थर नसतो. तुमची कोणतीही बी तरंगली नसेल तर परिचितांच्या निदानाला थोडे बळ मिळते, एवढेच. पाण्यात बुडण्याने बीज सजीव असल्याचे सिद्ध होत नाही.

पराग एखाद्या वनस्पती उद्यानाकडून किंवा खासगी बागेतून मागवावेत. रानातील शंकू तोडू नयेत. आंध्रातील शेषाचलमच्या डोंगरांत सायकस बेडोमायचे नर शंकू औषधासाठी तोडले जात आले आहेत, आणि ज्या रानात नर शंकूच उरत नाहीत तेथील माद्यांची अवस्था तुमच्या आगरातील झाडासारखीच होते.