शब्दचर्चा : पट्टी, कर, शुल्क आणि भरपाई

प्रश्न

धायरी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली, तरी आमच्या घरातली वडीलधारी मंडळी अजूनही ‘घरपट्टी भरली का?’ असेच विचारतात. हाती येणाऱ्या बिलावर मात्र ‘मिळकतकर’ असे छापलेले असते आणि त्याच्या पोटात सफाई कर, जललाभ कर, पथकर अशी रांग लागलेली असते. पिंपरीत राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या बिलात मध्यंतरी ‘उपयोगकर्ता शुल्क’ नावाची आणखी एक ओळ आली होती. पट्टी, कर आणि शुल्क या शब्दांत अर्थाचा काही फरक आहे, की ही एकाच पैशाची वेगवेगळी नावे आहेत? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

फरक आहे, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या आर्थिक सुधारणांनी तो अधिक ठळक केला आहे.

‘पट्टी’ हा या तिघांतला सर्वांत घरगुती शब्द. जत्रेसाठी, सप्ताहासाठी किंवा देवळाच्या जीर्णोद्धारासाठी घरटी जी रक्कम ठरते तिला गावात आजही पट्टी म्हणतात. ही पट्टी ‘काढली’ जाते, म्हणजे एकूण खर्च आधी ठरतो आणि मग तो उंबऱ्यांवर वाटला जातो. सरकारी पट्टी मात्र ‘बसते’. पेशवाईतल्या कर्जपट्टी किंवा मिरासपट्टीच्या बाबतीत रयतेला कोणी विचारले नव्हते. तरीही दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे : कोणी किती उपभोग घेतला याचा हिशेब पट्टीत नसतो, घरे किती आणि कोणाची ऐपत किती, एवढेच पाहिले जाते. पुण्यात घरगुती पाणीपट्टी याच न्यायाने बसत आली आहे. ती मिळकतीच्या वार्षिक करपात्र रकमेवरून, म्हणजे त्या जागेला वर्षाला किती भाडे येऊ शकेल या अंदाजावरून ठरते. नळातून किती लिटर पाणी आले यावरून नव्हे.

‘कर’ म्हणजे सक्तीची वसुली, जिच्या बदल्यात अमुक एका माणसाला अमुक एक सेवा मिळेल असे वचन नसते. ‘शुल्क’ म्हणजे ठरावीक सेवेचा मोबदला. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात मांडला. (हे शिरूर आपल्या जिल्ह्यातले नव्हे, उडुपीकडचे.) पुढच्या निकालांनी मोबदल्याचा काटेकोरपणा बराच सैल केला, पण चौकट तीच राहिली.

घोळ होतो तो शब्दाच्या वयामुळे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला शुल्काध्यक्ष नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाला उभारून येणाऱ्या मालावर वसुली करतो. म्हणजे त्या काळचे शुल्क ही आपली जकात होती. सीमाशुल्क, उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क या शब्दांत तो जुना अर्थ टिकून आहे आणि हे तिन्ही निखळ कर आहेत. परीक्षा शुल्क किंवा प्रवेश शुल्कातला ‘मोबदला’ हा अर्थ मात्र वेगळा आहे. कारभाराच्या मराठीने दोन्ही अर्थ एकाच शब्दात कोंबले, त्यामुळे एखाद्या नव्या वसुलीला ‘शुल्क’ म्हटले की ती मोबदल्यासारखी सौम्य वाटते आणि करासारखी सक्तीनेही घेता येते.

अशा नव्या वसुल्या वाढल्या त्यामागे कारण आहे. शहरी स्थानिक संस्थांना घटनेत स्थान देणारी ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांसाठी १८ विषय नमूद झाले. पण त्या संस्थांनी कोणते कर घ्यावेत याची स्वतंत्र यादी घटनेत आली नाही, ते राज्याच्या मर्जीवर राहिले. पुढे डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झाले आणि केंद्राचा पैसा अटींसह येऊ लागला. दुहेरी नोंद पद्धतीचे हिशेब ठेवा, मिळकतकराची पद्धत सुधारा आणि सेवा चालवण्याचा खर्च ती वापरणाऱ्यांकडून वसूल करा, अशा त्या अटी होत्या. शेवटच्या अटीतून ‘वापरकर्ता’ नावाचा नवा माणूस महापालिकेच्या कागदांत शिरला. त्याच्या आधी तिथे करदाता होता, रहिवासी होता, फार तर अर्जदार होता.

त्याच अभियानात लोकसहभागाचा कायदा करण्याचीही अट होती, आणि महाराष्ट्राने क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद केलीही. खर्चवसुलीची अट बिलात उतरली. क्षेत्रसभा पुण्यात कोणाच्या फारशी ऐकिवात नाही. धायरीकरांना हा फरक अधिक जाणवत असेल, कारण घरपट्टीच्या काळात निदान ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला विचारता येत होते.

आक्षेप

वरील विवेचन माहितीपूर्ण आहे, परंतु त्यात पट्टीविषयी थोडा हळवेपणा डोकावतो असे नम्रपणे नोंदवावेसे वाटते. करपात्र रकमेवरून पाणीपट्टी ठरवणे न्याय्य कसे? मोठ्या घरात दोनच वृद्ध राहत असतील तर त्यांनी जास्त भरायचे, आणि शेजारचा रोज गाडी धुणारा केवळ घर लहान म्हणून कमी भरणार. ज्याने वापरले त्याने द्यावे, हे शुल्काचे तत्त्व सरळ आहे. ज्या भागात महापालिकेचे पाणी पुरत नाही आणि सोसायट्या टँकरवर चालतात, तिथल्या माणसाला तर ‘जललाभ कर’ हा शब्द थट्टेसारखा वाटतो. ग्रामपंचायतीची घरपट्टी कमी होती हे खरे, पण त्या पैशात सेवाही तेवढ्याच मिळत होत्या.

प्रतिसाद

आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. पाण्यासारख्या मोजता येणाऱ्या वस्तूसाठी मोजून पैसे घेणे वाईट नाही. ‘जललाभ कर’ या शब्दाबद्दल एवढेच सांगतो की त्यातला लाभ पिणाऱ्या माणसाचा नसून मिळकतीचा मानलेला आहे. त्या भागात पाण्याची सोय झाल्याने जागेला येणारे मोल कायद्याला तिथे अभिप्रेत आहे. म्हणूनच सोय कागदावर झाली आणि नळ कोरडा राहिला की हा शब्द लोकांना टोचतो.

मात्र शुल्क म्हटल्याने ते शुल्क होत नाही. पैसे कोणाला दिले आणि त्याबद्दल जाब कोणाला विचारता येतो, हे पाहावे लागते. याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. पुण्यात २००८ पासून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी झालेल्या करारानुसार घरोघरचा कचरा गोळा करते, आणि घरे दरमहा थेट त्या कचरावेचकाला पैसे देतात. ताई महिन्याच्या सुरुवातीला दारात येतात, पैसे घेतात, ओला-सुका एकत्र केला असेल तर त्याच वेळी चार शब्द सुनावतात. त्या दोन दिवस आल्या नाहीत तर पुढच्या महिन्यात आपणही बोलून दाखवतो. हे खरे शुल्क, कारण देणारा आणि घेणारा एकमेकांना तोंडाने ओळखतात. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२३ मध्ये कचऱ्यासाठीचे उपयोगकर्ता शुल्क मिळकतकराच्या बिलातच घातले गेले, तेव्हा नाव शुल्काचे असूनही वागणूक कराची होती. बिल एकच, न भरल्यास थकबाकीही एकच. रहिवाशांनी विरोध केला आणि राज्य शासनाने वसुली स्थगित केली. त्या वादात ‘आम्ही सफाई कर देतोच, मग हे कशाचे?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला, आणि शब्दार्थाच्या दृष्टीनेही तो बिनतोड होता.

आणखी एक शब्द या चर्चेत यायला हवा, तो म्हणजे ‘भरपाई’. पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकात गेली आणि स्थानिक संस्था कर आला, ज्याला सगळे एलबीटी म्हणत. व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना त्यातून सूट मिळाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा उरलेलाही संपला. जकात नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा आणि तिथले व्यवहार ज्यांनी पाहिले आहेत, ते त्या व्यवस्थेसाठी अश्रू ढाळणार नाहीत. तरीही एक गोष्ट बदलली. नाक्यावर हुज्जत घालणाऱ्याला आपण कोणाशी भांडतो आहोत हे ठाऊक होते, आणि तो पैसा ज्या शहरात जमा होई त्याच शहरात खर्चाचा वाद होई. आता राज्याच्या २०१७ च्या कायद्याने महापालिकांना २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी आठ टक्के वाढीने रक्कम मिळते. त्या कायद्यात शब्द ‘भरपाई’ असा आहे. बोलताना मात्र सर्रास ‘जीएसटी अनुदान’ म्हटले जाते.

ही चूक साधी समजू नये. अनुदान देणाऱ्याच्या इच्छेवर असते. भरपाई ही देणे असते, कारण घेणाऱ्याचे काहीतरी काढून घेतलेले असते. महापालिका स्वतःच्या हक्काच्या पैशाला अनुदान म्हणू लागली की ती मंत्रालयापुढे अर्जदार होते, आणि अर्जदार संस्थेचा नागरिक तिला जाब कशाबद्दल विचारणार? त्यातच मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे अंदाजपत्रक आयुक्तांनीच प्रशासक म्हणून तयार करून मंजूर केले. त्या काळात ‘मुख्य सभेची (म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेची) मान्यता’ हा शब्दप्रयोग कागदावर होता, सभा नव्हती.

कर्जरोखे, म्हणजे गुंतवणूकदारांकडून व्याजाने घेतलेल्या कर्जाचे कागद, हा शब्दही याच घरचा. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाचे, दहा वर्षांचे २०० कोटींचे रोखे काढले. महापालिकेला जाब विचारणाऱ्यांत आता गुंतवणूकदारही आला, आणि त्याला तिमाही आकडे मागण्याची सवय असते. एरवी मंदावणारी हिशेबाची शिस्त त्याच्यामुळे येत असेल तर चांगलेच. फक्त त्याच्या प्रश्नाला उत्तर आधी मिळते, हे लक्षात ठेवलेले बरे.

प्रश्नकर्त्याची शंका

आपले आभार. सोसायटीच्या सूचनाफलकावर लिहिताना कोणता शब्द वापरावा? उद्या इमारतीला पाण्याचे मीटर बसले तर ‘पाणी शुल्क’ म्हणणे योग्य होईल का?

प्रतिसाद

आज ‘मिळकतकर’ लिहावे, कारण बिलाचे नाव तेच आहे. कंसात ‘घरपट्टी’ लिहिल्यास वडीलधाऱ्यांची सोय होईल आणि चूकही होणार नाही. मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी ४० टक्क्यांची सवलत कोणाची राहिली असेल तर त्याच फलकावर त्यासाठीच्या पीटी-३ अर्जाचीही आठवण करून द्यावी. पाण्याचे पैसे करपात्र रकमेवरून ठरत आहेत तोवर पाण्यासाठी ‘पाणीपट्टी’ हाच शब्द बरोबर आहे.

मीटरनंतर मात्र ‘शुल्क’ टाळावे, असे माझे मत आहे. घरातले महावितरणचे बिल काढून पाहा. त्यात स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार वेगळे दाखवलेले असतात आणि त्यांच्याखाली ‘वीज शुल्क’ स्वतंत्र असते. पहिले तिन्ही पुरवठ्याचे पैसे आहेत आणि शेवटचा राज्याचा कर आहे. वापराच्या किमतीला ‘आकार’ आणि शासनाच्या वसुलीला ‘शुल्क’, ही विभागणी तिथे नीट पाळलेली आहे. त्याच धर्तीवर मोजून घेतलेल्या पाण्याच्या पैशाला ‘पाणी आकार’ म्हणावे, म्हणजे त्याच्याखाली उद्या ‘पाणी शुल्क’ अशी वेगळी ओळ आलीच, तर ती कोणाच्या तिजोरीत जाते हे वाचणाऱ्याला विचारता येईल.