पट्टीवर ७७,७७८ आले. या आकड्यात काही आहे का?

हळदकरी, सांगली
परवा आमची राजापुरी हळद मार्केट यार्डात सौद्याला होती. वजन ४३२ किलो १०० ग्रॅम, दर क्विंटलला १८,०००. पट्टीवर (विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर) बरोब्बर ७७,७७८. (हमाली-तोलाई वजा जाऊन हातात कमी पडले, ते सोडा.) तात्या म्हणाले, "लागोपाठ चार सात, शुभ आहे," आणि पट्टीची झेरॉक्स थेट देव्हाऱ्यात. मला शुभ-अशुभ कळत नाही. बी.एस्सी.ला गणित होतं, तेवढ्यावर अवयव पाडले: २ × ३ × ३ × २९ × १४९. पुढं काही निघतं का?

जुना मास्तर, विटा
वर्ग करून बघा. ६०४९४१७२८४ येतो. मधोमध तोडा: ६०४९४ आणि १७२८४. बेरीज? ७७७७८! ही कापरेकर संख्या. देवळालीच्या शाळेत शिकवणारे आपले द. रा. कापरेकर, त्यांचंच नाव. तुमचं वजनही कमी नाही. ४३२.१ किलोतला टिंब काढून ४३२१ घ्या, उलटा करून वजा करा: ३०८७. त्याचे अंक उतरत्या क्रमाने लावून चढता क्रम वजा करा, ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा तसंच, ८५३२ − २३५८ = ६१७४. कापरेकरांचा स्थिरांक, तिसऱ्याच पायरीला.

शंकेखोर
मास्तर, ६१७४ चं कौतुक कशाला? सगळे अंक सारखे नसले की कुठलाही चार अंकी आकडा जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथंच जातो. आणि ७७७७८ हर्षद (आपल्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जाणारी संख्या) नाही. अंकांची बेरीज ३६, भागाकार २१६०.५, अर्ध्यावर अडकला. स्वयंभूही (दुसऱ्या कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून न येणारी) नाही. ७७७५१ मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज २७ मिळवा, ७७७७८ तयार.

हळदकरी, सांगली
दोघांचंही पटलं. पण वर्ग तुटून परत जुळतो कसा, त्यापायी रात्री झोप नाही. मोटर चालू करायला उठलो तेव्हा सुटलं. वर्गातून तीच संख्या वजा केली की ७७७७८ × ७७७७७ उरतो. ७७७७७ म्हणजे ७ × १११११, पाच एक. आणि ९९९९९ म्हणजे ९ गुणिले तेच पाच एक. ७७७७८ ला ९ ने भाग जातो, ८६४२ येतात. म्हणून ९९९९९ ने पूर्ण भाग, आणि भागाकार ७ × ८६४२ = ६०४९४. डावा तुकडा तोच! म्हणजे वर्ग = ६०४९४ × ९९९९९ + ७७७७८. ९९९९९ च्या जागी एक लाख धरला की ६०४९४ जास्त होतात, ते ७७७७८ मधून काढले की उजवा तुकडा १७२८४ उरतो, म्हणून बेरीज आपोआप जमते.

जुना मास्तर, विटा
शाब्बास. आता ७७७७ चा वर्ग करा: ६०४८१७२९. ६०४८ + १७२९ = ७७७७. शेपटीला रामानुजनांचा १७२९ (दोन घनांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी मांडता येणारा सर्वांत लहान आकडा) आलाय बघा.

हळदकरी, सांगली
तात्यांना दाखवलं. म्हणाले, "७,७७७ ची पट्टी आली असती तर हळद लावायची कशाला?"