फ्रीबीएसडी १५ : बेस सिस्टिमची पॅकेजं करणं पटतंय का?

जुनाखोड
फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम; तिची १५.० आवृत्ती डिसेंबर २०२५ मध्ये आली. तिचा इन्स्टॉलर आता विचारतो, बेस सिस्टिम (गाभा आणि सोबतची मूळ साधनं) नेहमीच्या मोठ्या गठ्ठ्यांतून टाकू की पॅकेजांतून? पॅकेजांचा पर्याय म्हणजेच पीकेजीबेस. तो अजून 'प्रिव्ह्यू' म्हणून आहे, पण १६ मध्ये तोच एक राहील असा बेत आहे.

माझा विरोध आहे, आणि तो निव्वळ सवयीपोटी नाही. लिनक्समध्ये कर्नल, म्हणजे गाभा, एकाचा, सी लायब्ररी दुसऱ्याची, बारीकसारीक आज्ञा तिसऱ्याच्या, आणि मोट बांधणारा चौथाच. फ्रीबीएसडीत कर्नल आणि युजरलँड (त्यावर चालणाऱ्या मूळ आज्ञा आणि लायब्ररी) एकाच सोर्स ट्रीमधून, म्हणजे एकाच कोडसंचातून, एकत्रच बनतात. बाहेरून आणलेलं सगळं '/युएसआर/लोकल' मध्ये. पॅकेजांचा कितीही विचका झाला तरी एका आज्ञेत सगळी उडवायची; खालची सिस्टिम शाबूत. पीकेजीबेसमध्ये बेस हीसुद्धा पॅकेजंच, त्यामुळे तीच 'सगळं उडव' आज्ञा बेसवरही चालते. यावरून १५.० येण्याआधीच विकासकांत चांगली जुंपली होती. इतक्या वर्षांची हमी आपणहून का घालवायची?

रात्रपाळी
असहमत. ती हमी वर्षातून एकदा कामी येते, 'फ्रीबीएसडी-अपडेट' या जुन्या अपडेट साधनाचा ताप मात्र प्रत्येक अपग्रेडला. मोठी आवृत्ती बदलायची तर आधी कर्नल, मग रीबूट, मग युजरलँड, मग पॅकेजं, मग पुन्हा तीच 'इन्स्टॉल' आज्ञा. मध्येच ते एडिटर उघडून कॉन्फिग फाइल जुळवायला लावतं. झोपेत जुळवणीची एखादी खूण फाइलमध्ये तशीच राहिली की एसएसएच (दुरून लॉगिन) बंद, आणि मशीन कुठेतरी दूरच्या डेटा सेंटरमध्ये! शिवाय ते फक्त प्रकाशित आवृत्त्यांसाठी. स्टेबल शाखा (दोन आवृत्त्यांमधला चालू कोड) चालवायची तर स्वतः सगळं कंपाइल करत बसा. पॅकेजं आली की हे दोन्ही सुटतं.

जुनाखोड
अपडेटचं साधन वाईट असेल तर साधन सुधारा की. त्यासाठी सिस्टिमचे तुकडे कशाला?

मेकवर्ल्ड
तुकडे होतात ते बिल्ड झाल्यावर. सोर्स ट्री एकच आहे आणि रिलीजही एकच. अखंडपणा तिथे आहे, टारबॉलमध्ये (त्या मोठ्या गठ्ठ्यांत) नाही. जुन्या पद्धतीतही 'बेस', 'कर्नल', 'लिब३२' असे वेगळे गठ्ठे होतेच, फक्त मोजके होते.

याच आवृत्तीतली खरी मोठी गोष्ट धाग्यात आलीच नाही. रिलीज आता रूट, म्हणजे प्रशासकाच्या, अधिकारांशिवाय बनवता येते आणि पुन्हा बनवली तर बिटाबिटाने तीच निघते. म्हणजे मिळालेली इमेज खरोखर त्याच सोर्सची आहे का, हे कोणीही स्वतः बिल्ड करून ताडून पाहू शकतो. मुक्त सॉफ्टवेअरला पैसा देणाऱ्या जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडने २०२४ मध्ये प्रकल्पाला ६,८६,४०० युरो दिले, त्यातही बिल्डची सुरक्षितता हा एक मुख्य भाग होता. माझ्या दृष्टीने हे पॅकेजांच्या वादापेक्षा कितीतरी मोलाचं.

तुरुंगाधिकारी
जेलवाल्यांकडून (जेल म्हणजे एकाच मशीनवरचे वेगळे, बंदिस्त कप्पे) पीकेजीबेसला +१. जेल २००० साली, ४.० मध्ये आले, आणि तेव्हापासून प्रत्येक जेलमध्ये अख्खी बेस ओतायची किंवा नलएफएसच्या (एकच फोल्डर अनेक ठिकाणी जोडण्याच्या) कसरती करायच्या, हेच चाललंय. एक वेब सर्व्हर चालवायला कंपायलर कशाला हवा? पॅकेजांमुळे हवं तेवढंच टाकता येतं. १४.२ पासून मिळणाऱ्या ओसीआय (कंटेनर) इमेजसुद्धा याच पॅकेजांतून बनतात.

शंकासुर
जेलपुरतं मान्य. पण मुख्य सर्व्हरवर? 'फ्रीबीएसडी १५' म्हटलं की त्यावर काय काय आहे हे आजवर न विचारता कळायचं. उद्या बग नोंदवायला गेलं की पहिला प्रश्न येणार, तुमच्याकडे कोणती पॅकेजं आहेत? आणि अपग्रेड अर्ध्यात तुटलं, काही पॅकेजं नवी, काही जुनी, तर ती जोडी कोणी तपासलेली असणार? 'सेट-बेस', 'सेट-मिनिमल' अशी अनेक पॅकेजं एकत्र आणणारी सेट पॅकेजं दिलीत, ठीक आहे. पण ती वापरायची सक्ती कुठे आहे?

रात्रपाळी
अपग्रेड अर्ध्यात तुटायला पॅकेजंच लागतात असं कुठे आहे? जुन्या पद्धतीतही पहिल्या 'इन्स्टॉल'नंतर नवा कर्नल आणि जुनं युजरलँड अशीच अवस्था असते. तिथे तिला प्रक्रियेची पायरी म्हणतात, एवढाच फरक!

आणि झेडएफएस ही फाइल सिस्टिम कशासाठी आहे? बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टिमची बूट करता येणारी प्रत) सांभाळणारं 'बीईसीटीएल' १२.० पासून बेसमध्येच आहे. अपग्रेडआधी एक प्रत काढा. बिघडलं तर लोडरच्या मेनूतून जुनी निवडा आणि पूर्वपदावर या. चुकून सगळी पॅकेजं उडवणाऱ्यालाही हाच उतारा.

जुनाखोड
हा मुद्दा वजनदार आहे. पण मग 'पॅकेजं उडवली तरी बेस शाबूत' ही हमी आता पॅकेज व्यवस्था देत नाही, फाइल सिस्टिम देते, असं सरळ म्हणा. जुनी यूएफएस फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांनी काय करायचं? त्यांना बूट एन्व्हायर्नमेंट नाही. छोट्या व्हर्च्युअल मशीनवर कमी मेमरीत यूएफएस घेणारे कमी नाहीत.

मेकवर्ल्ड
त्यांनी १५ वर जुन्याच पद्धतीने राहावं. १५ ची शाखा डिसेंबर २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे आणि 'फ्रीबीएसडी-अपडेट' तिथे चालू आहे. पुढे वळायचं ठरलं तर 'पीकेजीबेसिफाय' नावाची स्क्रिप्ट चालू मशीनच पॅकेजांवर नेते. व्हर्च्युअल मशीन असेल तर आधी होस्टवरून स्नॅपशॉट घ्या.

शंकासुर
आणि खऱ्या लोखंडावर, म्हणजे प्रत्यक्ष मशीनवर, यूएफएस असेल तर?

मेकवर्ल्ड
तर पूर्ण बॅकअप, आणि मशीनसमोर बसूनच अपग्रेड. पण तो नियम 'फ्रीबीएसडी-अपडेट'लाही होताच.

जुनाखोड
माझे यूएफएसवाले सर्व्हर १५ वर गठ्ठ्यांतूनच जातील. १६ मध्ये 'सगळं उडव' मधून बेस मुळातच वगळली, तर मी विरोध मागे घेईन. तोवर नाही.