मसाल्याचं पाकीट बदललं की गिऱ्हाईक "माल तोच ना?" का विचारतं?

नौपाडा_मसाले:
ठाण्यात घरगुती मालवणी मसाला विकतो. 200 ग्रॅम, ₹180. साधी पारदर्शक पिशवी सोडून काळा मॅट झिप पाऊच घेतला, वर सोनेरी अक्षरं. आता जुनी गिऱ्हाइकं विचारतात, "माल तोच आहे ना? भाव वाढवला का?" भाव तोच आहे. नवीन माणसं पाकीट उलटंसुलटं करून परत ठेवतात. जुन्या पिशवीवर जाऊ का?

छपाई_तुर्भे:
जुन्यावर जाऊ नका, पण काळा सोडा. मसाला रंग बघून आणि वास घेऊन घेतला जातो. काळ्या बंद पिशवीत दोन्ही गेलं, वर सोनेरी अक्षरं बघून माणूस महाग समजणारच. पूर्ण पारदर्शकही नको, उजेडाने मिरचीचा लाल रंग फिका पडतो. आतून चंदेरी थर असलेला पाऊच घ्या, मागे तळाशी दोन बोटं रुंद खिडकी ठेवा. वासासाठी काउंटरवर झाकणाची स्टीलची डबी, त्यात चमचाभर मसाला, रोज बदलायचा.

दुसरं, तुम्ही सगळं एकदम बदललंत. आधी पिशवी बदला, लेबल जुनंच राहू द्या. दोन-तीन महिन्यांनी लेबल. तेव्हाही नाव त्याच रंगात, त्याच जागी. जुनं गिऱ्हाईक वाचत नाही, ओळखतं.

काटा_माप:
दादा, पाकीट उलटं करणारा माणूस मागची बाजू वाचायला बघतोय. तिथे काय आहे? सर्व करांसह एमआरपी, निव्वळ वजन, प्रति ग्रॅम भाव (तुमचा ₹0.90), पॅकिंगचा महिना आणि वर्ष, कधीपर्यंत वापरावं ते, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी नंबर, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. हे सोनेरी फॉइलमध्ये छापू नका. ट्यूबलाइटखाली ते चमकतं आणि बारीक अक्षर दिसत नाही. पांढऱ्या पट्टीवर काळी शाई.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. नुसतं "मिरची" लिहून थांबू नका. रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी, जी घालता तिचं नाव लिहा. मालवणी मसाला घेणारा नेमकं तेच शोधतो. हिंग बांधानी (पीठ मिसळून केलेला) असेल तर त्यात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. डब्यावर बघून घ्या, असेल तर "गहू आहे" हे स्पष्ट लिहा. गव्हाची ॲलर्जी असलेल्याच्या घरी हे पाकीट जाऊ शकतं. "शुद्ध", "नैसर्गिक" हे शब्द मोकळेपणाने वापरू नका, 2018 पासून त्यांच्यावर नियम आहेत.

आणि वजन: रिकामा पाऊच काट्यावर ठेवून शून्य करा, मग 200 भरा. नाहीतर झिप पाऊच आठ-दहा ग्रॅमचा असला तर तेवढा मसाला कमी जातो, आणि घरी काटा असलेलं गिऱ्हाईक ते पकडतं. काट्याची दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्या.

नौपाडा_मसाले:
तारखेचा रबरी शिक्का मारतो, पण बोट लागलं की पुसतो.

छपाई_तुर्भे:
साध्या स्टॅम्प पॅडची शाई कागदासाठी असते, प्लास्टिकवर सुकतच नाही. प्लास्टिकसाठीची झटपट सुकणारी शाई मिळते, ती घ्या. शिक्का मारल्यावर मिनिटभर हात लावू नका. नाहीतर तारीख कागदी स्टिकरवर मारा. बिलाच्या कागदासारखा थर्मल स्टिकर नको, तेलाने आणि उन्हाने अक्षरं उडतात. पुसलेली तारीख लोकांना मुद्दाम पुसल्यासारखी वाटते.

सील करताना तोंडाशी मसाल्याची पूड राहिली तर सील धरत नाही. नरसाळ्याने भरा, कडा कोरड्या फडक्याने पुसा.

घोडबंदर_वाचक:
पैसे घ्यायचा क्यूआर कोड राहिला. स्कॅन केल्यावर पाकिटावरचं नाव यायला हवं, दुसरंच नाव आलं की माणूस पैसे पाठवायचा थांबून विचारतो. तुमच्या ॲपमधून दुकानाच्या नावाचं व्यापारी खातं करून घ्या. क्यूआरभोवतीची पांढरी कड कापू नका, आणि कोणी वर दुसरा चिकटवला नाही ना, हे रोज सकाळी बघा.

नौपाडा_मसाले:
400 काळे पाऊच शिल्लक आहेत. टाकून देऊ?

काटा_माप:
टाकू नका. पुढे जुन्याच डिझाइनचा स्टिकर लावा, मागे पांढरा. पाऊच रिकामा आणि सपाट असतानाच चिकटवा, भरल्यावर सुरकुत्या पडतात. मात्र एमआरपीवर दुसरा स्टिकर लावू नका. लोक तो नखाने खरवडून खालचा भाव बघतात.