उघाडी कुठे बसवायची, हे आजोबांना विचारा

खाडीकाठ: परवा इथे एकाने लिहिलं, 'समुद्र चढतोय, आता गावोगाव विचारत बसाल तर बुडाल. किनाऱ्याचा आराखडा तज्ज्ञांनीच करावा.' अहो, अलिबाग-पेणकडचे खारबांध, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेताबाहेर अडवणारे बांध, सरकारी खातं येण्याआधी गावकीच राखायची. उधाणात खांड पडली की घरटी एक माणूस, रात्री कंदील घेऊन, चिखल-पेंढा टाकायला. आमच्याकडे नवं काम निघालं तेव्हा आजोबा सांगत होते, उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, इथे नको, खाडी इथे वळते. साहेबांनी नकाशा दाखवला. दुसऱ्याच पावसाळ्यात उघाडीच्या बगलेतून पाणी शेतात.

मुलुंडचा भाऊ: ते मीच लिहिलं. आजोबांना नमस्कार, पण त्यांचा समुद्र आता राहिला नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. आणि गाव मागणार काय? दगडी बंधारा. मग धूप सरकते शेजारच्या गावात.

पुळणीवरची: गाव म्हणजे कोण हो? बंधारा मागायला पुरुष गेले. मासळी सुकवायची पुळण त्याच्याखाली गेली, आम्हाला कोणी विचारलं नाही.

पाणथळप्रेमी: कांदळवन राखा. फुकटचा बांध.

राता_भात: आलं कांदळवन! बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, फुटला, दुरुस्ती झाली नाही, दीड एकरात खारं पाणी, त्यात तिवर उगवले, तुमच्या कांदळवनाचीच झाडं. सातबारा माझा, पण कोयता लावला तर गुन्हा माझ्यावर.

पाणथळप्रेमी: बिल्डर भराव टाकत सुटले म्हणून 2018 चा हायकोर्टाचा कांदळवन तोडायला बंदी करणारा निकाल आला. कोयता मोकळा केला की उद्या पुन्हा तेच येतील, तुमच्याच सातबाऱ्यावर.

राता_भात: म्हणजे पाप त्यांचं, ताप मला. तुम्ही दुर्बीण घेऊन पक्षी बघायला येता ते माझं भाताचं शेत होतं!

पाणथळप्रेमी: वैयक्तिक नको.

राता_भात: शेत वैयक्तिकच असतं.

श्रीवर्धनकर: जरा थांबा दोघं. निसर्गात आमच्या वाडीतल्या पोफळी, सुपारीची झाडं, एका दुपारीत आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं. आणि भरपाई आधी निघाली हेक्टरी! वाडी नऊ गुंठ्यांची, खाली सुपारी, वर माड. ओरड झाल्यावर झाडागणिक मिळाली. ज्याने हेक्टरी लिहिलं त्याने वाडी पाहिली असती तर?

मुलुंडचा भाऊ: हेक्टरी चुकलंच, मान्य. उघाडीही आजोबांना विचारून बसवा, हवं तर फीत त्यांच्याच हस्ते कापू. पण पुढच्या तीस वर्षांत भरती किती चढेल, तेही तेच सांगणार?

खाडीकाठ: नाही. ते तुम्ही सांगा, पण मराठीत आणि काम सुरू व्हायच्या आधी. बांधाची उंची मग बसून ठरवू.

राता_भात: ठरवा. माझ्या तिवरांचं काय?